ओव्हरटाइमची यादी कोण लिहितो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओझरला तेजस लढाऊ विमानाची जुळणी सुरू झाली, वडोदऱ्याला सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना उभा राहिला, नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचे सुटे भाग तयार होऊ लागले. अशा प्रत्येक बातमीत एक आकडा हमखास असतो, किती हातांना काम मिळणार याचा. त्या हातांचा पगार कोण आणि कसा ठरवणार, हे मात्र कुठे छापून येत नाही. विमान कारखान्यात भेदभाव नेमका कुठून शिरतो आणि तो कागदावर कसा पकडता येतो, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या बोइंगचे प्रकरण फार उपयोगी आहे. आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. पगारनिश्चिती आणि आस्थापनेचे काम जाणणारे आम्ही काही वाचक ते इथे मांडत आहोत. पत्र लांबले आहे, पण यातले बरेचसे हिशोब आहेत आणि हिशोब अर्धा सांगून चालत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये सिॲटलच्या संघीय न्यायालयात बोइंगवर दावा दाखल झाला. कंपनीचे कारखाने तिथल्या प्युजेट साउंड परिसरात एव्हरेट, रेंटन, ऑबर्न असे पसरलेले. तिथे नोकरीत असलेल्या आणि सोडून गेलेल्या मिळून सुमारे २८ ते २९ हजार स्त्रियांच्या वतीने तो सामूहिक दावा चालला. तक्रारी दोन तऱ्हेच्या होत्या. ठरीव पगारावरच्या स्त्रिया म्हणत होत्या की तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा आम्हाला पगार कमी आणि बढत्याही कमी. तासाच्या दराने काम करणाऱ्या कामगार स्त्रियांचे म्हणणे होते की आमच्या वाट्याला ओव्हरटाइम येत नाही. कंपनीने आरोप नाकारले. प्रत्यक्ष सुनावणीच्या तोंडावर, मे २००४ मध्ये, तडजोड झाली. दोष कबूल न करता कंपनीने किमान ४ कोटी ६ लाख आणि जास्तीत जास्त ७ कोटी २५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. किती जणी अर्ज भरतात त्यावर अंतिम रक्कम ठरणार होती.

रक्कम डोळे दिपवणारी आहे. आता भागाकार करा. वरची मर्यादा धरली तरी माणशी अडीच हजार डॉलर, आणि वकिलांचा वाटा त्यातूनच जायचा. कित्येक वर्षांच्या फरकाचा निकाल तिथल्या एका जुन्या मोटारीच्या किमतीत लागला. म्हणून या प्रकरणात पैशांपेक्षा कागदपत्रे महत्त्वाची. बोइंग सरकारला विमाने विकते. १९६५ च्या ११२४६ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी कंत्राटदारांच्या पगारांची तपासणी अमेरिकेचे कामगार खाते करत असे. तशाच तपासणीनंतर नोव्हेंबर १९९९ मध्ये कंपनीने स्त्रिया आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांच्या पगारातल्या तफावतीपोटी ४५ लाख डॉलर देऊ केले होते. कंपनीने स्वतःही १९९० च्या दशकात पगारांचे अंतर्गत विश्लेषण करून घेतले होते. दावा उभा राहिल्यावर ते विश्लेषण म्हणजे वकील आणि अशिलातला गोपनीय व्यवहार आहे, असा पवित्रा तिने घेतला. त्यातली बरीच कागदपत्रे अखेर न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आली. ज्याच्याकडे मोजमाप असते, त्यालाच ते लपवावेसे वाटते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोजमापच नसल्यामुळे लपवण्याचे कष्टही कुणाला पडत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे. इतका फरक पडायला कुणी तरी खलनायक असावा लागतो, अशी आपली समजूत असते. खरे तर नियमात ठेवलेली मर्जीची एक फटच पुरते. बोइंगविरुद्धच्या दाव्याचा गाभा हाच होता की नेमणुकीचा पगार, वार्षिक वाढ, ओव्हरटाइम आणि बढती या चारही ठिकाणी वरिष्ठाच्या मर्जीला मोकळे रान होते आणि त्यावर लक्ष ठेवणारे कुणी नव्हते.

पहिली फट नेमणुकीच्या दिवशीची. उमेदवाराकडून मागच्या नोकरीच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागायच्या आणि त्यावर काही टक्के वाढ देऊन नवा पगार ठरवायचा, ही आपल्या खासगी कारखान्यांतली सर्रास पद्धत. मागच्या ठिकाणी बाईला कमी मिळत असेल, तर ते कमीपण ती नव्या नोकरीत सोबत घेऊन येते. समजा, एकाच पदवीचे, एकाच अनुभवाचे दोन अभियंते एकाच दिवशी रुजू झाले. त्याचा मूळ पगार ४० हजार, तिचा ३६ हजार. पुढे दोघांना दरवर्षी अगदी सारखी, ४ टक्के वाढ मिळाली. कुणी कुणाचे वाईट केले नाही. दहा वर्षांनी त्याचा पगार ५९,२१० आणि तिचा ५३,२८९ होतो. चार हजारांची दरी ५,९२१ वर गेली. या दहा वर्षांत तिच्या हाती एकूण सुमारे पावणेसहा लाख रुपये कमी आले. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा मूळ पगाराच्या टक्क्यात, म्हणजे तोही कमी. दहाव्या वर्षाच्या अखेरीस नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटीत आणखी सुमारे तेहतीस हजारांचा फटका. सगळ्यांना सारखी टक्केवारी दिली की न्याय झाला, असे पगारवाढीच्या बैठकीत फार अभिमानाने सांगितले जाते. टक्केवारी जुनी दरी बुजवत नाही, रुंदावते.

यावरचा उपाय अमेरिकेत बराच पुढे गेला आहे. बोइंगचे मुख्य कारखाने ज्या राज्यात आहेत, त्या वॉशिंग्टन राज्यात २०१९ पासून उमेदवाराला मागचा पगार विचारायला बंदी आहे. जानेवारी २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची खालची आणि वरची मर्यादा छापावी लागते. मागचा पगार हे स्त्रीला कमी पगार देण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे पश्चिम अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. आपल्याकडे जाहिरातीत अजून ‘योग्य उमेदवारास आकर्षक वेतन’ असते. आकर्षक म्हणजे किती, ते मुलाखतीत पगारपावती पाहिल्यावर ठरते.

दुसरी फट ओव्हरटाइमची, आणि विमान कारखान्यात तीच सगळ्यात मोठी. मोटारीची साखळी दिवसाला ठरावीक गाड्या बाहेर काढते. विमानाच्या जुळणीत तसे नाही. एक भाग पुरवठादाराकडून उशिरा आला की ते काम पुढच्या टप्प्यावर ढकलले जाते, आणि विमान ताब्यात द्यायची तारीख जवळ आली की अडकलेली कामे रात्री आणि सुटीच्या दिवशी उरकली जातात. म्हणून ओव्हरटाइम भरपूर असतो, पण तो अचानक येतो आणि कुणाला थांबवायचे ते पाळीप्रमुख उभ्या उभ्या ठरवतो. बोइंगच्या कामगारांचा तासाचा दर संघटनेच्या करारात लिहिलेला होता. दरात भेद करायला फारशी जागाच नव्हती, तरी हातात येणाऱ्या पैशात फरक पडत होता, असा त्या स्त्रियांचा दावा होता.

आपल्या आकड्यांत पाहू. महिना २६ हजार, २६ दिवस, रोज ८ तास. तासाला १२५ रुपये पडले. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे २५०. महिन्याला १६ तास मिळाले तर चार हजार, वर्षाला ४८ हजार. दोन कामगारांच्या पगारपत्रकात मूळ पगाराचा रकाना अगदी सारखा असतो आणि वर्षाच्या शेवटी एकाच्या घरात ४८ हजार जास्त गेलेले असतात. मूळ पगाराची तुलना करून ‘आमच्याकडे भेद नाही’ असे लिहून देणारा अधिकारी खोटे बोलत नसतो. तो चुकीचा रकाना वाचत असतो.

यावर ठरलेले उत्तर असते की बायकाच थांबायला तयार नसतात. हे खरे आहे का, ते तपासायचे तर नोंदवहीत कोण थांबले एवढेच असून भागत नाही. कुणाला विचारले, किती वाजता विचारले आणि उत्तर काय मिळाले, हे तीन रकाने हवेत. ते बहुतेक कुठेच नसतात. दुपारी साडेतीनला सुटणाऱ्या पाळीला सव्वातीन वाजता विचारले, तर ज्याच्या घरी मुलाला शाळेतून आणायला दुसरे कुणी आहे तोच हो म्हणणार. तीच विचारणा आदल्या दिवशी केली तर उत्तरे बदलतात. परतीची बस साडेतीनचीच असेल तर उत्तराची वाटही पाहायला नको. रात्रीच्या कामाला संमती आणि सुरक्षित वाहतूक या अटींवर आता स्त्रियांना मुभा आहे. पण बसची फेरी वाढवण्याचा खर्च दुसऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकातून जातो, म्हणून ती वाढत नाही, आणि नोंद मात्र ‘महिला कर्मचारी उपलब्ध नाहीत’ अशी पडते.

चांगली पद्धत अवघड नाही, अनेक कामगार करारांत ती आहे. प्रत्येक विभागाने तासांची उतरंड लावायची आणि ज्याचे जमा तास सगळ्यात कमी त्याला आधी विचारायचे. नकार आला तरी तेवढे तास त्याच्या नावावर चढवायचे, म्हणजे यादी पुढे सरकते आणि नकाराची नोंदही राहते. यादी फलकावर लावायची. अडचण इथे येते की पाळीप्रमुखाला आपली ठरलेली चार भरवशाची माणसे हवी असतात, म्हणून तो ‘या कामाचे प्रमाणपत्र फक्त यांच्याकडेच आहे’ असे म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते, आणि तिसरी फट तिथेच आहे.

विमानाच्या कामात जवळजवळ प्रत्येक कौशल्याला प्रमाणपत्र लागते. इंधन टाकीच्या आत शिरून सीलंट लावणे, भाग न तोडता केलेली तपासणी, काँपोझिट कापडाचे थर बसवणे, इंजिन सुरू करून घेतलेली चाचणी. प्रमाणपत्राच्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचे, हेही पाळीप्रमुखाच्याच हातात. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाच्या यादीत नाव नव्हते, म्हणून आज ओव्हरटाइम नाही, म्हणून पुढच्या वर्षी बढतीच्या अर्जात ‘महत्त्वाच्या कामाचा अनुभव’ हा रकाना रिकामा. प्रत्येक पायरीवर कारण वैध दिसते. सुरुवातीची पायरी कुणी तपासलेली नसते. अवजारांचीही गोष्ट तशीच. रिव्हेट गनची पकड, हातमोजे, सुरक्षा पट्टा एकाच मोठ्या मापात मागवले की लहान चणीच्या माणसाचा वेग कमी पडतो, आणि तो कमी पडलेला वेग मूल्यमापनात तिच्या नावावर लागतो. खरेदीच्या आदेशात तीन मापे लिहिली की हा प्रश्न सुटतो.

बढतीचा हिशोब कुणालाही करता येतो. समजा, ४०० कामगारांत १२० स्त्रिया आणि २८० पुरुष पात्र आहेत. जागा ४०. प्रमाणाप्रमाणे १२ स्त्रियांना बढती मिळायला हवी होती, मिळाली ५ जणींना. हा निव्वळ योगायोग असू शकतो का? ४० ला ०.३ आणि ०.७ ने गुणा आणि वर्गमूळ काढा, सुमारे २.९ येते. हे योगायोगाच्या हेलकाव्याचे माप, म्हणजे प्रमाण विचलन. अपेक्षेपेक्षा कमी पडलेल्या ७ ला २.९ ने भागा, २.४ येतात. हा आकडा दोन-तीनच्या पुढे गेला की योगायोगावर विश्वास ठेवणे कठीण होते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले आहे. त्याहून सोपी कसोटी १९७८ च्या तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. एका गटाचे निवडीचे प्रमाण दुसऱ्याच्या चार-पंचमांशापेक्षा कमी असेल तर चौकशी करावी. इथे स्त्रियांचे प्रमाण ४.२ टक्के आणि पुरुषांचे १२.५ टक्के, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश.

या कसोट्या वापरताना चुका कुठे होतात, तेही सांगायला हवे, कारण अर्धवट आकडेमोड घेऊन गेलेली संघटना व्यवस्थापनासमोर पाच मिनिटांत गप्प होते. दहा माणसांच्या विभागात दोन स्त्रिया असतील तर आकडेशास्त्र काही सांगू शकत नाही, तिथे तीन-चार वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. ओव्हरटाइमची सरासरी काढू नये, सगळ्यांचे तास चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा, कारण एकट्याने काढलेले साठ तास सगळी सरासरी फुगवतात. तुलना त्याच विभागातल्या, त्याच पाळीतल्या आणि तेच प्रमाणपत्र असलेल्या लोकांतच करावी. असे केल्यावर कधी कधी फरक नाहीसा होतो आणि सगळे हुश्श करतात. तिथे थांबू नये. विमान कारखान्यात वायर हार्नेसच्या, म्हणजे तारांची जुडगी बांधण्याच्या विभागात स्त्रिया जास्त आणि ओव्हरटाइम कमी असेल, तर विभागाच्या आत सगळे सारखेच दिसणार. मग नव्या माणसाला कोणत्या विभागात टाकायचे ते कोण ठरवतो, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

सगळ्यात मोठी आणि हुशार लोकांकडून होणारी चूक वेगळी आहे. पगारातल्या फरकाचे विश्लेषण करताना शिक्षण आणि अनुभव यांच्याबरोबर श्रेणी आणि मूल्यमापनाचे गुणही ‘सारखे धरून’ तुलना केली जाते. श्रेणी आणि गुण हे त्याच वरिष्ठाच्या मर्जीतून आलेले असतात. भेदाचा परिणामच भेदाचे कारण म्हणून हिशोबात धरला की उत्तर शून्य येणारच. त्यामुळे हिशोब दोनदा करावा, एकदा श्रेणी आणि गुण वगळून आणि एकदा धरून. दोन उत्तरांत जेवढे अंतर, तेवढा भाग बढतीत आणि मूल्यमापनात मुरलेला असण्याची शक्यता. मूल्यमापनात बाळंतपणाच्या वर्षाकडे खास लक्ष द्यावे. २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली, पण कित्येक ठिकाणी अर्धे वर्ष काम न दिसल्यामुळे आपोआप ‘सर्वसाधारण’ शेरा बसतो. आदल्या वर्षीचा शेरा कायम ठेवावा किंवा हजेरीच्या महिन्यांपुरतेच मूल्यमापन करावे, एवढी एक ओळ नियमात घातली की पुरते.

तुलना कुणाची कुणाशी करायची, यावर आपल्याच मुंबईत दोन मोठे खटले झाले. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना वयाची ३५ वर्षे झाली, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा पहिले मूल होणार असले की नोकरी सोडावी लागे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या निव्वळ मर्जीवर सोडणारे कलमही रद्द केले. मर्जीच्या फटीला कायद्याने लावलेला तो पाचरच होता. पण विमानात शेजारी शेजारी काम करणारे पर्सर, म्हणजे पुरुष सेवक, आणि हवाई सुंदरी हे वेगळे संवर्ग आहेत, त्यामुळे त्यांची तुलना होऊ शकत नाही, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले, आणि लग्नाची अटही राहिली. संवर्गाला वेगळे नाव दिले की तुलना संपली, हा त्या निकालाचा दुबळा भाग. सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीतल्या महिला लघुलेखकांच्या प्रकरणात न्यायालय बरेच पुढे गेले. पदाचे नाव काय ते न पाहता प्रत्यक्ष काम सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे आहे का ते पाहावे, संघटनेशी करार झाला आहे ही सबब चालणार नाही आणि परवडत नाही हीसुद्धा चालणार नाही, असे त्या निकालाने ठरवले. पगारातल्या भेदाची तक्रार लिहिणाऱ्याने पदनामावर वेळ घालवू नये. दोघांच्या एका आठवड्याच्या कामाची यादी समोरासमोर ठेवावी.

कायदा मात्र चुकीच्या रकान्यातच अडकला. १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली मालकाने ‘ड’ नमुन्याची नोंदवही ठेवायची असे. त्यात कामगारांचा प्रकार, कामाचे थोडक्यात वर्णन, पुरुष किती, स्त्रिया किती आणि वेतनाचा दर. ओव्हरटाइमचे तास त्यात नव्हते, बढत्या आणि प्रशिक्षणही नव्हते. १९८७ च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली यांतला भेदही गुन्हा ठरला, पण मोजायची वही तशीच राहिली. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे आणि बढती-प्रशिक्षणाचा तो स्पष्ट उल्लेख ‘नोकरीच्या अटी’ या मोघम शब्दांत विरघळला आहे. थकबाकीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, ही त्यातली उपयोगी गोष्ट.

मुदतीचे महत्त्व अमेरिकेतल्या कामगारांनी फार महागात शिकले. तिथे समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायची मुदत १८० दिवस, काही राज्यांत ३०० दिवस. ती मुदत पगार पहिल्यांदा कमी ठरला त्या दिवसापासून मोजायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. शेजाऱ्याचा पगार सहा महिन्यांत कुणाला कळतो? जानेवारी २००९ मध्ये कायदा बदलून प्रत्येक पगारपत्रक म्हणजे नवे उल्लंघन असे ठरवावे लागले. पुढे २०११ मध्ये वॉलमार्टच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वरिष्ठांना मोकळीक आहे एवढ्यावरून लाखो स्त्रियांचा एक दावा होऊ शकत नाही. बोइंगसारखा खटला आज त्याच स्वरूपात उभा राहणे अवघड आहे. त्यात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बोइंगने आपला विविधता विभाग बंद केल्याचे वृत्त आले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो १९६५ चा आदेशही रद्द झाला. ज्या तपासणीमुळे पगार मोजले जात होते, तिचा आधारच निघाला.

वर्णभेदाचा इतिहास याहून जुना आहे. १९४२ पर्यंत सिॲटलच्या बोइंग कारखान्यात कृष्णवर्णीय कामगार नव्हते, आणि यात यंत्रकामगारांची संघटनाही मालकाच्या बरोबरीने दोषी होती. सदस्यत्व फक्त गोऱ्यांना द्यायचे असा तिचा दंडक होता. तो औपचारिकपणे जायला १९४८ उजाडले. जून १९४१ च्या ८८०२ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने संरक्षण उद्योगांत वर्णावरून भेद करायला बंदी घातली, तीही कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यावर. १९९० च्या दशकाअखेर बोइंगच्या सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांसाठी जी तडजोड झाली, ती अपील न्यायालयाने २००३ मध्ये नामंजूर केली. कारण मासलेवाईक आहे. कामगारांच्या रकमेबरोबरच त्यांच्या वकिलांची ४० लाख डॉलरहून जास्त फीसुद्धा कंपनीशी एकाच टेबलावर ठरली होती. आपल्याकडच्या संघटनांनी हे वाचून ठेवावे. कामगारांची रक्कम आणि मध्यस्थांचा मोबदला एका बैठकीत कधी ठरवू नये.

जातीचा विषय टाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. अमेरिकेतले तसे करणारे ते पहिले शहर, आणि ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. मात्र तो नियम शहराच्या हद्दीपुरता आहे. बोइंगचे ७३७ विमान जिथे जोडले जाते ते रेंटन आणि ७७७ जिथे जोडले जाते ते एव्हरेट ही वेगळी शहरे आहेत. तिथल्या मराठी अभियंत्यांनी तक्रार करण्यापूर्वी कामाचा पत्ता कोणत्या हद्दीत येतो ते आधी पाहावे. आपल्याकडच्या सार्वजनिक कारखान्यांत आरक्षणाची बिंदुनामावली असते, त्यामुळे भरतीतले आणि बढतीतले प्रमाण निदान मागून पाहता येते. ठेकेदाराच्या कामगारांसाठी तशी कुठलीच वही नाही. त्याच जिगवर, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यावर, त्याच ड्रॉइंगवरून काम करणाऱ्या ठेकेदारी कामगाराला मूळ मालकाच्या कामगाराइतकेच वेतन द्यावे, असे १९७१ च्या केंद्रीय कंत्राटी कामगार नियमांत लिहिले गेले होते. ते अमलात आणायला कारखान्यातली जी व्यक्ती दोन्ही पगारपत्रके एकत्र पाहू शकते, तिला तसे करायला कुणी सांगितलेले नसते.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द, कारण बरेच कारखाने इथपर्यंत येऊन घसरतात. फरक सापडला की एकरकमी बक्षीस देऊन विषय मिटवतात. मूळ पगार तसाच राहतो, आणि वर दाखवलेला चार टक्क्यांचा गुणाकार दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू होतो. दुरुस्ती मूळ पगारात व्हायला हवी, भविष्य निर्वाह निधी आणि मागील थकबाकीसकट. त्याच वेळी पुरुषांचा पगार गोठवून बरोबरी साधू नये, १९७६ च्या कायद्याने कुणाचाही दर कमी करून समानता आणायला मनाई केली होती. पुढच्या वार्षिक वाढीनंतर तोच हिशोब पुन्हा करावा. मर्जीची फट उघडी असेल तर फरक त्या पहिल्याच फेरीत परत दिसू लागतो.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे कुठल्याही विमान कारखान्याच्या उद्घाटनाला किती नोकऱ्या हा आकडा मिळाला की व्यवस्थापनाला आणखी तीन आकडे विचारावेत. मागच्या तिमाहीत विभागवार ओव्हरटाइमचे स्त्री-पुरुषांचे मधले तास किती, प्रमाणपत्राच्या प्रशिक्षणाला कितीजण आणि किती जणी गेल्या, आणि त्याच जिगवर उभ्या असलेल्या कायम आणि ठेकेदारी कामगाराचा दिवसाचा दर काय. पगारपत्रक आणि हजेरी संगणकावर असलेल्या कारखान्याला हे काढायला एक दुपार लागते.

आपले,
पगारनिश्चिती व आस्थापनेच्या कामाशी संबंधित काही वाचक,
नाशिक